पंधरा विभक्तींचें भय

गेल्या महिन्यांत एका वाचक भगिनींचें पत्र आलें. त्यांचे चिरंजीव व सूनबाई फिनलंडमधील एस्पो या शहरीं राहतात. सूनबाई इकडे असतांना शाळेंत शिक्षिका होत्या; तिकडेहि तेंच काम करावें अशी त्यांची इच्छा आहे, परंतु फिनिश भाषा आल्यावांचून तेथील मुलांपुढें उभें राहतां येत नाहीं. म्हणून त्यांनीं अभ्यास आरंभिला. पण पुस्तकाच्या शेवटीं छापलेलें पंधरा विभक्तींचें कोष्टक दृष्टीस पडलें, आणि त्या दिवसापासून पुस्तक कपाटांत आहे. चिरंजीवांचें म्हणणें असें कीं, आपल्या कचेरींत सर्व काम इंग्रजींत चालतें, मग हा खटाटोप कशाला? सासूबाई मात्र सुनेच्या पक्षाच्या आहेत. त्या विचारतात, "आपण जन्मभर मुलांना संस्कृत शिकविलें. या पंधरा विभक्तींतून कांहीं वाट निघते काय?"

वाट निघते, आणि ती इंग्रजीपेक्षां मराठींतून अधिक सरळ निघते. चिरंजीवांस इतकेंच सांगावेसें वाटतें कीं, कचेरी म्हणजे देश नव्हे. त्या देशाचें नागरिकत्व हवें झालें तर फिनिश किंवा स्वीडिश या दोन राजभाषांपैकीं एकीचें ज्ञान दाखवावें लागतें. त्यासाठीं जी सरकारमान्य भाषापरीक्षा आहे तिच्या सहा पायऱ्यांपैकीं तिसरी गांठावी लागते. शिवाय शिक्षिकेची विद्या कपाटांत पडून राहावी हें आम्हांस मुळींच पसंत नाहीं.

आमचें स्वतःचें फिनिश व्याकरणग्रंथांतून कमाविलेलें आहे. पण सूनबाईंची अडचणहि व्याकरणाचीच आहे, म्हणून लिहिण्याचें धाडस करितों.

ही भाषा सुमारें पन्नास लाख लोकांची. तिचें कुळ आपल्या संस्कृताचें किंवा इंग्रजीचें नव्हे; एस्टोनियन ही तिची सख्खी बहीण आणि हंगेरियन दूरची. तिला लेखनांत आणिलें मिकाएल आग्रिकोला या धर्मोपदेशकानें. त्याचा 'नवा करार' १५४८ सालीं छापला गेला. तिचें पहिलें व्याकरण १६४९ त तुर्कु येथें प्रसिद्ध झालें, तेंहि लॅटिन भाषेंत! १८०९ पर्यंत स्वीडनचें व पुढें १९१७ पर्यंत रशियाचें राज्य असल्यामुळें सरकारदरबारीं तिला फार काळ मान नव्हता; १८६३ च्या राजाज्ञेनें तो मिळूं लागला. एक गोष्ट आपल्या वाचकांस आवडेल. फिनो-उग्रियन सोसायटी ही संस्था १८८३ सालीं ज्यांच्या पुढाकारानें स्थापन झाली ते ओत्तो दोन्नेर हे हेलसिंकीच्या विद्यापीठांत संस्कृताचे प्राध्यापक होते. आणि कुळ वेगळें असलें तरी फार प्राचीन काळीं आर्यभाषकांच्या शेजारामुळें कांहीं शब्द या भाषेंत शिरले आहेत असें पंडित मानतात: शंभर म्हणजे 'साता', तो आपला शत, हातोडा म्हणजे 'वासारा', तें आपलें वज्र, आणि फुलांतला मधुरस म्हणजे 'मेसि', तो आपला मधु.

उच्चार आपल्या जिभेला सोपे आहेत. त, क, प हे वर्ण अगदीं आपल्यासारखे, इंग्रजांच्या तोंडीं येतो तसा हकार न मिसळतां म्हणावयाचे. आघात नेहमीं पहिल्या अक्षरावर. मात्र ऱ्हस्वदीर्घ व साधें-जोड यांत हयगय चालत नाहीं: 'तुलि' म्हणजे अग्नि, 'तूलि' म्हणजे वारा, आणि 'तुल्लि' म्हणजे जकात. ज्यांनीं लहानपणीं मात्रा मोजून वृत्तें म्हटलीं त्यांना हें सांगावयास नको. पुढें आम्ही दीर्घ आ, ए, ओ, ॲ दाखविण्यासाठीं अवग्रह घातला आहे. अवग्रह नसेल तेथें स्वर ऱ्हस्व म्हणावा.

आतां विभक्तींकडे वळूं. पंधरा ही संख्या ऐकून छाती दडपते खरी. पण रामाचीं आठ विभक्ती व तीन वचनें मिळून चोवीस रूपें आपल्या घरचीं मुलें झोपेंतहि म्हणत असत. फिनिशांत द्विवचन नाहीं, म्हणजे तीसच्या आसपास रूपें झालीं. सहांचा हा फरक! आणि संस्कृतांत राम झाल्यावर हरि, गुरु, माला, नदी, वारि असे निरनिराळे साचे पाठ करावे लागतात, कारण लिंग बदललें, अंत्य स्वर बदलला, कीं प्रत्ययहि बदलतो. फिनिशांत लिंग नाहींच. 'तो' आणि 'ती' या दोहोंस मिळून 'हॅन्' हा एकच शब्द. आणि 'आंत' या अर्थाचा प्रत्यय घरालाहि 'स्सा', शाळेलाहि 'स्सा', डोंगरालाहि 'स्सा'. फरक एवढाच कीं, शब्दांत आ, ओ, उ हे स्वर असतील तर 'स्सा', आणि ॲ सारखे पुढचे स्वर असतील तर 'स्सॅ': 'तालो' म्हणजे घर, 'तालोस्सा' घरांत, 'मेत्सॅ' म्हणजे अरण्य, 'मेत्सॅस्सॅ' अरण्यांत. प्रवेशाचे व अंशाचे प्रत्यय दोनतीन वेष घेतात, तेवढे लक्षांत ठेवावे लागतात. बाकीचे प्रत्यय आपल्या 'ला', 'नें', 'हून' यांसारखे सरळ मागें चिकटतात.

पंधरांपैकीं सहा विभक्ती केवळ स्थळाच्या आहेत. फिनिश व्याकरणांत विभक्तीला जो शब्द आहे त्याचा अर्थच मुळीं 'स्थानरूप' असा होतो. या सहांचे दोन त्रिकूट करावे. आंतले त्रिकूट: तालोस्सा, घरांत असणें, तालोस्ता, घरांतून निघणें, तालोऽन्, घरांत शिरणें. वरचें किंवा बाहेरचें त्रिकूट: छप्पर म्हणजे 'कात्तो'. 'किस्सा ओन् कातोल्ला', मांजर छपरावर आहे. 'किस्सा तुलेऽ कातोल्ता', मांजर छपरावरून येतें. 'किस्सा मेनेऽ कातोल्ले', मांजर छपरावर जातें. मराठी माणसानें सावध राहावें तें येथें. आपण 'घरांत आहे' आणि 'घरांत गेला' या दोन्ही ठिकाणीं एकच 'घरांत' म्हणतों. फिनिशांत असणें आणि जाणें यांचीं रूपें कधींहि एक होत नाहींत. संस्कृताची आठवण ठेवावी: गृहे वसति, पण गृहं गच्छति.

कोणत्या गांवाला आंतलें त्रिकूट लावावें व कोणत्याला वरचें, याला नियम शोधूं नये. 'एस्पोऽस्सा', 'तुरुस्सा' म्हणजे एस्पोंत, तुर्कुंत. पण ताम्पेरे हें गांव आलें कीं 'ताम्पेरेऽल्ला', जणूं ताम्पेरेवर! स्वतःच्या देशांत 'सुओमेस्सा', पण शेजारच्या रशियांत म्हणावयाचें तर 'वेनॅयॅल्लॅ'. आपणहि कोंकणांत उतरतों आणि देशावर चढतों. परक्या माणसानें 'कोंकणावर' म्हटलें तर हंसूं येतें, पण कारण विचारलें तर आपल्याजवळ उत्तर नसतें.

आमच्या मतें खरी मेहनत प्रत्ययांत नाहीं, ती प्रत्ययापूर्वींच्या शब्दांत आहे. वर कात्तोचें कातोल्ला झालें, एक त गळाला, हें चाणाक्ष वाचकांच्या ध्यानीं आलेंच असेल. इंग्रजी जाणणाऱ्याला येथें घाम फुटतो. आपल्याला फुटूं नये, कारण आपल्या व्याकरणांत यासाठीं नांवच आहे: सामान्यरूप. 'पाणी' याला 'त' जोडतांना आपण 'पाणींत' म्हणत नाहीं, 'पाण्यांत' म्हणतों. तसेंच फिनिशांत पाणी म्हणजे 'वेसि', आणि पाण्यांत म्हणजे 'वेदेस्सॅ'. जिला पाणी-पाण्यांत उमगलें तिनें वेसि-वेदेस्सॅ पाहून पुस्तक मिटण्याचें कारण नाहीं.

याचा एक नियम फार सुंदर आहे. प्रत्ययामुळें शब्दाचें शेवटचें अक्षर व्यंजनानें बंद झालें, कीं त्या अक्षराच्या आरंभींचें क, त, प हें कठोर व्यंजन मवाळ होतें. जोड असेल तर एकेरी होतें: 'कुक्का' म्हणजे फूल, 'कुकान्' फुलाचें. एकेरी असेल तर मृदु होतें किंवा लोपतें: 'कातु' रस्ता, 'कादुन्' रस्त्याचा, 'लेइपॅ' भाकरी, 'लेइवॅन्' भाकरीचा, 'याल्का' पाय, 'यालान्' पायाचा. वाक् चें वागीश होतांना काय घडतें हें शिकलेल्यांना हा प्रकार परका वाटणार नाहीं, कारण निराळें असलें तरी. प्रवेशाच्या रूपांत मात्र मूळचें बळ टिकतें: 'कातून्', रस्त्यावर (जाणें). आणि राजधानीचें नांवच पाहा: हेल्सिंकि, पण हेलसिंकींत म्हणजे 'हेल्सिङ्ङिस्सॅ'. आपल्या बाराखडीच्या तक्त्यावर तो बिचारा ङ पिढ्यान् पिढ्या बिनकामाचा बसून आहे. त्याला स्वतंत्र नोकरी मिळाली ती उत्तर ध्रुवाच्या वाटेवर!

यावरून अभ्यासाची रीत ठरते. प्रत्येक नवीन नाम तीन रूपांसह पाठ करावें: प्रथमा, षष्ठी व अंशविभक्ति. कातु, कादुन्, कातुआ. वेसि, वेदेन्, वेत्तॅ. षष्ठींतील शेवटचा न् काढला कीं सामान्यरूप हातीं आलें, त्याला बहुतेक प्रत्यय लावतां येतात. तीस घरांचें कोष्टक भिंतीवर लावूं नये. रूपावलि धडाधड म्हणणारे, पण गृहे वसामि एवढेंहि स्वतः न लिहूं शकणारे विद्यार्थी आम्हीं पुष्कळ पाहिले आहेत.

आतां ज्या विभक्तीला संस्कृतांत वा मराठींत जोड नाहीं तिच्याकडे येऊं. तिला आम्ही अंशविभक्ति म्हणतों. तिचा प्रत्यय बहुधा 'आ' किंवा 'ता'. एखाद्या वस्तूचा कांहीं अंश, न मोजलेलें प्रमाण, हा तिचा मूळ अर्थ. 'ओस्तिन् लेइपॅऽ' म्हणजे मीं (थोडी, कांहीं) भाकरी विकत घेतली. 'ओस्तिन् लेइवॅन्' म्हणजे अख्खी एक घेतली. संख्येपुढेंहि हीच, आणि तीहि एकवचनांत: 'काक्सि तालोआ', दोन घरें. आपणहि पंगतीचा हिशेब सांगतांना शंभर माणूस जेवलें असें म्हणतोंच.

पण तिचें खरें कौतुक कर्माच्या ठिकाणीं. 'लुएन् किर्याऽ' म्हणजे मी पुस्तक वाचीत आहें. 'लुएन् किर्यान्' म्हणजे मी पुस्तक वाचून काढीन. क्रियापद दोहोंकडे एकच, 'लुएन्'. बदललें तें पुस्तकाचें शेपूट. क्रिया चालू किंवा अपुरी असली कीं कर्म अंशविभक्तींत. क्रिया पुरी होणार किंवा झाली असली कीं कर्म पूर्ण, म्हणजे एकवचनांत षष्ठीसारखें 'न्' घेऊन. आपण हा भेद क्रियापदावर दाखवितों: 'वाचीत आहें' आणि 'वाचून काढतों', 'खात होता' आणि 'खाऊन टाकलें'. मराठी 'काढणें', 'टाकणें' यांच्याकडून जें काम करवून घेते तें फिनिश नामाकडून करवून घेते. हें एक तत्त्व मनांत ठसलें कीं अर्धी भाषा आली असें आम्ही समजतों. म्हणूनच या भाषेला निराळा भविष्यकाळ लागत नाहीं. वर्तमानाचें रूप आणि पूर्ण कर्म मिळून तो बहुधा सूचित होतो. व्याकरणकार यासाठीं अस्वलाचें उदाहरण देतात. 'आम्मुइन् कार्हुआ', मीं अस्वलावर गोळी झाडली. 'आम्मुइन् कार्हुन्', मीं अस्वल गोळीनें मारलें. पहिल्या वाक्यांतलें अस्वल अद्याप जिवंत असण्याचा संभव आहे. शेवटच्या एका वर्णावर त्याचा प्राण अवलंबून!

क्रिया घडलीच नाहीं तर कर्म सदैव अंशविभक्तींत: 'एन् लुए किर्याऽ', मी पुस्तक वाचीत नाहीं. आणि प्रेम करणें, भिणें, वाट पाहणें या क्रिया पुऱ्या झाल्या असें कधीं म्हणतां येत नाहीं, म्हणून त्यांचेंहि कर्म अंशांतच राहतें. 'राकास्तान् सिनुआ', मी तुझ्यावर प्रेम करितों. येथें पूर्ण कर्म घालण्याची सोय भाषेनें ठेविली नाहीं. याउलट 'आवडणें' पंचमी मागतें: 'पिदॅन् काह्विस्ता', शब्दशः कॉफींतून आवडते. अशा जोड्या क्रियापदाबरोबरच पाठ कराव्या, जशा संस्कृतांत भी धातूबरोबर पंचमी पाठ करितों.

इंग्रजीची वाट सोडा असें आम्ही म्हटलें त्याचें उत्तम प्रमाण पुढेंच आहे. 'माझ्यापाशीं पुस्तक आहे' हें इंग्रजींत सांगावयाचें तर 'बाळगणें' या अर्थाचें सकर्मक क्रियापद लागतें. फिनिशांत तें नाहीं. तेथें म्हणतात 'मिनुल्ला ओन् किर्या': मिनुल्ला, माझ्यापाशीं, ओन्, आहे, किर्या, पुस्तक. शब्दाला शब्द लावा, मराठीच होते. भूक लागली तर 'मिनुल्ला ओन् नॅल्कॅ', माझ्यापाशीं भूक आहे. आपण 'मला भूक आहे' म्हणतों, 'मी भुकेला आहें' असें क्वचितच. जाणें भाग असेल तर 'मिनुन् पितॅऽ मेन्नॅ', येथें 'मी' ला षष्ठी. आपलें 'मला जावें लागतें' याच घडणीचें, कर्ता प्रथमेंत नाहीं. अशा ठिकाणीं सूनबाईंनीं आधीं इंग्रजी वाक्य करून मग त्याचें फिनिश करूं नये. सरळ मराठीवरून जावें.

दोन विभक्ती खास संस्कृतज्ञांसाठीं आहेत असें वाटतें. 'ना' ही 'म्हणून', 'त्या रूपानें' असा अर्थ देते: 'ओपेत्ताया' म्हणजे शिक्षक, 'ओपेत्तायाना' म्हणजे शिक्षक म्हणून, शिक्षकत्वेन. 'क्सि' ही रूपांतर दाखविते: 'हॅन् तुलि ओपेत्तायाक्सि', तो (किंवा ती) शिक्षक झाला. घर जळून भस्म झालें तर 'तालो पालोइ तुह्काक्सि'. पूर्वीं जें नव्हतें तें होणें, हा आपल्या च्वि प्रत्ययाचाच प्रांत: भस्मीभवति. च्वि शिकवितांना याचा उपयोग काय असा प्रश्न मुलें करीत. त्यांपैकीं कोणी आज तिकडे असेल तर त्यास उत्तर मिळालें असेल.

उरल्या त्या किरकोळ. 'शिवाय' अर्थाची 'त्ता' बोलण्यांत फारशी येत नाहीं. 'सह' अर्थाची विभक्ति भारदस्त लेखनांत भेटते: 'वाइमोइनेऽन्', म्हणजे सपत्नीक. साधनवाचक विभक्ति ठराविक शब्दांत उरली आहे, जसें 'यालान्', आपल्या 'पायीं' सारखें. द्वितीयेचें स्वतंत्र रूप तर फक्त मी, तूं, तो, कोण अशा सर्वनामांस आहे, आणि कित्येक व्याकरणकार तिला गणतींतहि घेत नाहींत. म्हणजे रोजच्या कामाच्या विभक्ती दहा-अकराच. विशेषण नामाप्रमाणेंच चालतें, 'सूरेस्सा तालोस्सा', महति गृहे.

क्रियापदाला पुरुषाप्रमाणें प्रत्यय लागतात: पुहुन्, पुहुत्, पुहू, पुहुम्मे, पुहुत्ते, पुहुवात्, मी बोलतों, तूं बोलतोस, याप्रमाणें. पहिल्या दोन पुरुषांत सर्वनाम गाळलें तरी चालतें, जसें गच्छामि. 'नाहीं' हा शब्द तेथें अव्यय नाहीं, क्रियापद आहे, आणि तो स्वतः चालतो: एन्, एत्, एइ, एम्मे, एत्ते, एइवॅत्, मुख्य क्रियापद मात्र उघडें राहतें, 'एन् पुहु', 'एम्मे पुहु'. इंग्रजी जाणणारे याला चमत्कार म्हणतात. आपण 'तो बोलत नाहीं, ते बोलत नाहींत', 'मी नव्हतों, तूं नव्हतास' असें रोज म्हणतों, त्यांत कोणाला चमत्कार दिसत नाहीं. प्रश्नाला 'को' लागतो: 'पुहुत्को सुओमेआ?' फिनिश बोलतेस का? हा 'को' आणि आपला 'का' यांचें नातें कांहीं नाहीं, पण स्मरणाला आधार चांगला.

पुस्तकांत ज्याला कर्मणि म्हणतात तो प्रयोग वस्तुतः भावे आहे. 'सुओमेस्सा पुहुताऽन् सुओमेआ', फिनलंडांत फिनिश बोलतात. कोण बोलतात तें सांगावयाचें नसतें, आणि गम्यते, स्थीयते याप्रमाणें अकर्मक धातूंसहि तो होतो: 'मेन्नॅऽन्', जाणें होतें. यावरूनच 'चला, जाऊं' या अर्थीं 'मेन्नॅऽन्' म्हणतात, आणि नित्याच्या बोलण्यांत 'आम्ही जातों' यालाहि 'मे मेन्नॅऽन्' असेंच ऐकूं येतें. पुस्तकांतलें रूप 'मेनेम्मे'. परीक्षेच्या लेखांत पुस्तकाचें, जिन्यांत शेजारणीशीं बोलीचें. हा भेद आरंभापासून कानाला लावून घ्यावा, नाहींतर शिकलेलें एक आणि ऐकूं येतें तें दुसरें, असें होऊन धीर सुटतो.

धातुसाधितांचा परिवार अजून राहिला. 'मेन्नेस्सॅ' म्हणजे जातांना, 'मेनेमॅत्तॅ' म्हणजे न जातां. नामांच्याच विभक्ती धातूंना लागून हीं रूपें होतात, आणि वर जी 'त्ता' किरकोळ म्हणून सोडली ती येथें फार कामास येते. त्यांचा विचार पुढील अंकीं करूं.